वैशाखात वीणा तडकू नये म्हणून

गहू-हरभरा घरात आला, तुरीची पोती थप्पीला लागली. बियाण्याची आणि अवजारांची तजवीज आपण आठवणीने करतो. पण देवघराच्या भिंतीवर टांगलेल्या वीणेकडे उन्हाळाभर कोणी बघते का? ज्यांच्या घरी वीणा, तंबोरा किंवा मुलांची गिटार आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. वडिलांची वीणा त्यांच्या मागे मी देवळीच्या घरात खिडकीजवळ टांगून ठेवली होती. शेजारीच कूलर. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, कूलर बंद पडला आणि थोड्या वेळाने 'टच्च' असा आवाज झाला. पाहतो तो वीणेच्या तबलीला वीतभर चीर! आयुष्यभर तुम्हाला बियाण्यातली ओल सांगत फिरलो. घरच्या लाकडातली ओल मात्र विसरलो.

असे का होते? जुन्या लाकडी बैलगाडीचे चाक आठवा. उन्हाळ्यात लाकूड आकसते, धाव सैल होते आणि चाक खडखडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे 15 टक्के ओल लाकडात असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, दुपारची हवेतील आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास उतरते आणि लाकडातली ओल 4-5 टक्क्यांवर येते. लाकूड लांबीत फारसे आकसत नाही, रुंदीत आकसते. वीणेची पातळ तबली मात्र कडेने चिकटवून पक्की केलेली असते. तिला आकसायला जागा मिळत नाही, म्हणून ती रेषेने फाटते. गिटारचेही तसेच.

वाडवडील सैल चाक नदीत बुडवून ठेवत. वीणेला तो उपाय चालत नाही. पाण्याने सरस सुटतो, भोपळा कुजतो. वीणेला पाणी नको, दमट हवा हवी. तीही थोडी आणि सारखी.

उपाय सोपा आहे. गुढीपाडव्याला वाद्य भिंतीवरून उतरवा. झाकणाच्या पेटीत, नाहीतर जाड गवसणीत घालून वरून प्लास्टिक गुंडाळा. प्लास्टिकच्या साबणाच्या डबीला दहा-पंधरा भोके पाडा. स्पंज भिजवून, एकही थेंब गळणार नाही इतका घट्ट पिळून तीत ठेवा. ही डबी वाद्याला न चिकटता पेटीत ठेवावी. गिटारच्या पेटीत एक डबी डोक्याकडे, एक कमरेकडे ठेवावी. दर दोन-तीन दिवसांनी स्पंज पाहावा. सुकला असेल तर पुन्हा भिजवावा. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात घालून काढावा, म्हणजे बुरशी येणार नाही. कोंबडीपालन करणाऱ्यांकडे असतो तसा लहान आर्द्रतामापक पेटीत ठेवला तर अंदाजाने चालावे लागत नाही. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहावा.

पेटी टिनाच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवू नये. उष्णतेने सरस मऊ पडतो. मातीच्या भिंतीची आतली खोली उत्तम. कूलरसमोर तर मुळीच नको. तो चालू असताना लाकूड फुगते, वीज गेली की आकसते. या ओढाताणीनेच माझी वीणा गेली. बरेच दिवस वाजवायचे नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्या.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या भागात खंजिरी घरोघरी आली. तिचे कातडे कोरड्या हवेत आपोआप ताणते. म्हणून या दिवसांत ती उन्हात तापवू नये. पखवाजाची कणीक भजन संपताच काढावी. वाळली तर ती कातडे ओढते.

धोक्याच्या खुणा ओळखा. गिटारच्या दांडीच्या कडेवरून बोट फिरवा. पडद्यांची टोके टोचू लागली तर लाकूड आकसले असे समजा. वीणेच्या जोडात नख शिरू लागले, घोडी उचलली, तार झणझणू लागली, की लगेच डबी ठेवा. चीर पडलीच तर डिंक-लाख भरू नका. आठ-पंधरा दिवस दमट पेटीत ठेवली की चीर बरीच मिटते; मग कारागिराकडे न्या.

मिरजेत सुमारे 1850 पासून तंतुवाद्ये बनतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी पिकवतात. म्हणजे तंबोऱ्याचा अर्धा जीव शेतातच वाढतो. तो जपणे आपल्याला का जमू नये?

मृगाचा पाऊस पडला की डबी काढून घ्या. त्या वर्षी कारागिराने माझी वीणा जोडून दिली. आषाढीला ती वाजली, पण वडिलांच्या हातचा तो भरीव नाद काही परत आला नाही. तुमच्या घरची वीणा अजून शाबूत असेल, तर आज संध्याकाळी तिला भिंतीवरून उतरवा.