सपत्नीक परदेशगमन

चाकणास २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, तेव्हांपासून चिंचवड-निगडीकडील कित्येक घरांतून जर्मनीची वारी नित्याची झाली. यजमान कंपनीच्या खर्चानें जातात. सहधर्मचारिणी विमानतळावरून डोळे पुसून परत फिरते. खर्च झेपत नाहीं, असें कारण सांगतात. तें सर्वस्वीं खरें नव्हे. खोलीचें भाडें कंपनी देतेच. दुसऱ्या माणसाकरितां अधिक पडेल तेवढें आपण द्यावें, व तें कचेरीस आधींच सांगावें. उरतात तिकीट, जेवण, व्हिसा व विमा. पतीच्या कामाच्या व्हिशावर पत्नीस जातां येत नाहीं; तिचा अर्ज निराळा. त्याचें शुल्क जून २०२४ पासून ९० यूरो. वैद्यकीय विमा निदान ३०,००० यूरोंचा. विवाहनोंदणीचा दाखला जवळ असावा. (आमच्या पिढींत पुष्कळांनीं तो काढलाच नाहीं, लग्नपत्रिका पुरेशी वाटली!)

आमची सून दोन वर्षें पैसे साठवून वोल्फ्सबुर्गास गेली. चिरंजीव पहाटेच कारखान्यांत जात. पहिले दोन दिवस आपण खोलींत रडत बसलों, असें तिनेंच सांगितलें. तिसऱ्या दिवशीं ती एकटीच आगगाडीनें तासाभराच्या वाटेवरील बर्लिनला जाऊन आली. रविवारीं दोघें तेथें गेलीं, तेव्हां रस्ता तिनें दाखविला.