सामू, क्लोरीन आणि चवदार तळे

र्युसेल्सहाइम हे माइन नदीकाठचे, ओपेल मोटारींच्या कारखान्याचे गाव. उन्हाळा जवळ आला की येथील दुकानांत घडीचे तरणतलाव विक्रीस येतात आणि जूनपासून कुंपणापलीकडून मुलांच्या आरोळ्या ऐकू येऊ लागतात. आपल्या समूहातील काही कुटुंबांच्या अंगणातही आता असे तलाव आले आहेत. तलाव विकत घेणे सोपे. त्यातील पाणी ऑगस्टअखेरपर्यंत पोहण्याजोगे राखणे हा मात्र अभ्यासाचा विषय आहे. आणि आपल्यासारख्यांनी पाण्याविषयी लिहायचे म्हटले की महाड टाळून लिहिता येत नाही. तेही ओघाने येईलच.

आरंभ आकारमानापासून करावा. ३.६६ मीटर व्यासाचा गोल तलाव ६५ सेंटीमीटर उंचीपर्यंत भरला तर त्यात सुमारे ६,८०० लिटर पाणी मावते. हा आकडा कुठेतरी लिहून ठेवावा, कारण पुढचे प्रत्येक गणित त्यावरच उभे आहे. ६,८०० लिटर पाण्यात क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायचे, तर ६.८ ग्रॅम क्लोरीन हवे. डब्यावर ५६ टक्के असे लिहिलेली भुकटी असेल, तर ती साधारण १२ ग्रॅम लागते. अंदाजे मूठभर टाकणाऱ्याला आपण किती टाकले हे कधीच कळत नाही. या कामासाठी लहानसा वेगळा काटा ठेवावा. स्वयंपाकघरातला वापरू नये.

पीएचला मराठीत 'सामू' असा नेटका शब्द आहे. गावाकडील माती परीक्षणाच्या अहवालात तो अनेकांनी पाहिला असेल. तलावाच्या पाण्याचा सामू ७.० ते ७.४ यांच्या दरम्यान असावा. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. क्लोरीन पाण्यात विरघळले की त्याची दोन रूपे होतात: हायपोक्लोरस आम्ल आणि हायपोक्लोराइट. जंतू मारण्याचे खरे काम पहिले रूप करते. दुसरे फार मंद आहे. सामू ७ असताना सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन कामाच्या रूपात असते, ७.५ ला निम्मे, आणि ८ ला जेमतेम एक चतुर्थांश. म्हणजे सामू चढलेल्या तलावात क्लोरीन ओतत राहणे हा बव्हंशी अपव्ययच. म्हणून आधी सामू तपासावा, तो दुरुस्त करावा आणि मगच क्लोरीनकडे वळावे.

क्लोरीनची चाचणी आपल्या लोकांना अगदी अनोळखी नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब घालून पिवळा रंग येतो का ते पाहतो. ही ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. क्लोरीन आहे की नाही एवढे ती चांगले सांगते. पण मोकळे क्लोरीन आणि घाम-लघवीतील घटकांशी बांधले गेलेले क्लोरीन यांतला भेद तिला नीट करता येत नाही. जर्मनीत मिळणाऱ्या डीपीडी गोळ्या तो भेद दाखवतात. पहिल्या क्रमांकाच्या गोळीने पाणी गुलाबी होते, ते मोकळे क्लोरीन. त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकल्यावर एकूण क्लोरीन कळते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे बांधलेले क्लोरीन.

या वजाबाकीलाच मी सर्वाधिक महत्त्व देतो. ज्याला आपण 'क्लोरीनचा वास' म्हणतो, डोळे चुरचुरवणारा, तो बहुतांशी या बांधलेल्या क्लोरीनचा, म्हणजे क्लोरामाइनचा असतो. वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ, ही समजूत सरळ उलटी आहे. जर्मनीतील सार्वजनिक तरणतलावांसाठीच्या डीआयएन १९६४३ या मानकात बांधलेले क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. मोकळे क्लोरीन तेथे ०.३ ते ०.६ इतकेच ठेवतात, कारण त्यांच्याकडे अखंड मोजणी करणारी यंत्रणा असते. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था किमान १ मिलिग्रॅम सांगते, आणि सायन्युरिक आम्ल वापरले असल्यास २. अंगणातला उथळ, कोमट, मुलांनी भरलेला तलाव यंत्रणेविना चालतो. माझ्या मते तेथे १ च्या खाली उतरू नये.

नमुना हातभर खोलीतून घ्यावा, फिल्टरच्या तोंडाजवळून नव्हे. गोळीला बोट लावू नये. क्लोरीन फारच जास्त झाले तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडून जातो आणि नळीतले पाणी निर्मळ दिसते. शून्य समजून आणखी क्लोरीन ओतण्याआधी नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा पाहावे.

घरातल्या किटलीत पांढरा थर बसत असेल, तर नळाचे पाणी दुष्फेन आहे. पाणीपुरवठा संस्था कठीणपणाचा आकडा जर्मन अंशांत प्रसिद्ध करतात. १४ अंशांच्या वरचे पाणी कठीण गणले जाते. अशा पाण्याचा सामू आपोआप वर सरकतो आणि सामू वाढला की चुना सुटून पाणी दुधाळ होते. सामू उतरवणारी भुकटी सांगितलेल्या मात्रेच्या निम्मी टाकून, फिल्टर काही तास चालवून पुन्हा मोजावे. फिल्टरची जाळी वारंवार धुवावी. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, हे येथे सहज आठवते.

आता महाड. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्राशन केले आणि हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' केले: १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध आणि दही कालवले व मंत्रोच्चारात ते परत तळ्यात ओतले. हा विधी चाचणीच्या नळीतून पाहावा. शेणातून आतड्यांतील जंतू पाण्यात येतात. दूध आणि दही म्हणजे जंतूंचे खाद्य. गोमूत्रातील युरिया हा तर क्लोरामाइनला जन्म देणारा पदार्थ. तळ्यात जे काही मोजता आले असते, ते सारे त्या दिवशी बिघडण्याच्याच दिशेने गेले. ज्या 'विटाळा'साठी हे केले, त्याला एकक नाही, नमुना नाही, रंग नाही. पुढे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हाही वादींना अस्पृश्यांना मज्जाव करणारी अनादि रूढी सिद्ध करता आली नाही.

फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे १८ जून १९६४ रोजी कृष्णवर्णीय व गौरवर्णीय कार्यकर्ते मॉन्सन मोटर लॉजच्या तलावात एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने पाण्यात म्युरिॲटिक ॲसिड ओतले. म्युरिॲटिक ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, तलावाचा सामू उतरवण्याचेच रसायन. ते छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सिनेटने नागरी हक्क विधेयक संमत केले.

हे येथे सांगण्याचे कारण आहे. परदेशातही एखाद्या भारतीय अंगणात मुलाला आडनाव विचारले जाते, आणि मुलांना 'शुद्ध' हा शब्द आपल्या आधी इतरांकडून ऐकू येतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती चाचणीची नळी द्यावी आणि आकडे त्यालाच वहीत लिहू द्यावेत. तलावात उतरण्यापूर्वी अंघोळीचा नियम पाहुण्यांना आणि घरच्यांना सारखाच लावावा. घाम आणि उन्हाचे मलम सर्वांच्याच अंगावर असते. ज्याला जुलाब होत आहेत त्याला मात्र निःसंकोच बाहेर ठेवावे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो.

सुरक्षेबाबत थोडे कठोरपणे लिहितो. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नये. विषारी वायू सुटतो. दोन प्रकारच्या क्लोरीन भुकट्याही एकमेकींत मिसळू नयेत, एकच चमचा दोन्ही डब्यांत फिरवू नये. आग लागू शकते. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. श्वास कोंडला तर थेट ११२. सल्ल्यासाठी माइन्त्स येथील विषबाधा माहिती केंद्र हेस्सेन राज्यासाठीही आहे. मुले पाण्यात असताना एक प्रौढ केवळ पाहण्यासाठी नेमावा, हातात फोन न घेता.

दीर्घकाळ विरघळणाऱ्या गोळ्या सोयीच्या असतात, पण त्यांतून सायन्युरिक आम्ल साठत जाते. ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते आणि फार साठले की क्लोरीनलाच जखडून टाकते. ते उडून जात नाही. थोडे पाणी बदलणे हाच उपाय. बदललेले पाणी, आणि सप्टेंबरातले सगळेच, कुठे सोडायचे ते नगरपालिकेला आधी विचारावे. क्लोरीनयुक्त पाणी पावसाच्या गटारात किंवा नाल्यात सोडू नये. भरताना बागेचा वेगळा मीटर वापरला असल्यास सांडपाण्याच्या आकारणीचा प्रश्नही त्याच वेळी विचारून घ्यावा.