'परमिट रूम'च्या पाटीमागची गोष्ट

धाराशिवहून तुळजापूरकडे किंवा सोलापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक पाटी हमखास दिसते, 'परमिट रूम'. आपल्याला ती इतकी सवयीची झाली आहे की परमिट कशाचे आणि खोली कुणाची, असा प्रश्नच पडत नाही. या दोन शब्दांत महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा एक मोठा तुकडा दडला आहे.

१९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदी कायदा केला आणि १९५० पासून राज्यात पूर्ण दारूबंदी आली. मोरारजी देसाई हे या धोरणाचे खंदे पुरस्कर्ते, तेव्हाचे गृहमंत्री आणि १९५२ पासून मुख्यमंत्री. आपला मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदा इकडेही लागू झाला. कायद्याने एक खिडकी मात्र उघडी ठेवली होती. प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे असे ठरले, तर माणसाला परवाना मिळे. पुढे १९६० च्या दशकात नियम सैल झाले आणि परवानाधारकांनी बसून प्यावे म्हणून हॉटेलांत वेगळ्या खोल्या आल्या. त्याच या परमिट रूम. गंमत अशी, की कायद्याच्या नावात आता 'मुंबई'ऐवजी 'महाराष्ट्र' आले, पण परवान्याची अट कायम आहे आणि त्यामागचे कारणही तेच आहे, प्रकृती राखणे!

ज्यांना परवाना मिळत नव्हता ते काय करीत? मुंबईपुरते उत्तर ठरलेले होते, 'आंटीचा अड्डा'. वांद्रे, माहीम, धोबीतलाव अशा भागांत गोव्याकडच्या आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती बायकांनी राहत्या घरातच असे अड्डे चालवले. ना पाटी, ना दरपत्रक. बाहेरच्या खोलीत दोनचार बाकडी, भिंतीवर येशूची तसबीर, चाखण्याला उकडलेली अंडी आणि चणे. गूळ, फळे आणि नवसागर घालून गाळलेली दारू पेल्यातून येई. माप शेराच्या हिशेबातले, म्हणजे नवटाक नाहीतर पावशेर. वजनमापे मेट्रिक झाली, बाजारातून शेर गेला, पण पिणाऱ्यांच्या बोलीत 'नवटाक' कितीतरी वर्षे टिकून राहिला.

या अड्ड्यांत गिरणी कामगार येत, कारकून येत, पत्रकार येत. ओढ फक्त दारूची होती का? अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात दारूबंदी होती, तेव्हा तिथेही अशी हजारो चोरटी ठिकाणे निघाली. त्यांना 'स्पीकईझी' म्हणत, म्हणजे हळू बोला. दारावर ओळख पटल्याशिवाय आत प्रवेश नसे. मुंबई काय, न्यूयॉर्क काय, आकर्षण एकच होते. इथे आपल्याला कुणीतरी ओळखते. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या माणसाला नावाने हाक मारणारी, उधारी लक्षात ठेवणारी, जास्त झाल्यावर 'आता घरी जा' म्हणून दटावणारी आंटी जवळची वाटे. साहेब आणि शिपाई एकाच बाकड्यावर बसत, कारण पकडले गेले तर दोघेही सारखेच गुन्हेगार!

पण ज्या विश्वासावर हे दार उघडे, त्याच विश्वासात धोका होता. उघड्या दुकानातल्या बाटलीला सील असते, तिच्यावर कारखान्याचे नाव असते. अड्ड्यावरच्या पेल्याला हमी फक्त आंटीच्या शब्दाची, आणि तो माल कुठल्या भट्टीतून आला हे अनेकदा तिलाही ठाऊक नसे. हप्ते सुरू झाले, भट्ट्यांवर टोळ्यांचा ताबा आला. वरदराजन मुदलियारसारख्यांचे साम्राज्य हातभट्टीच्या पैशावर उभे राहिले. १९७० च्या दशकात सरकारमान्य देशी दारूची दुकाने आली आणि आंटींचे दिवस सरले. हातभट्टी मात्र संपली नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉल होते. पोटात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते आधी डोळ्यांच्या नसांवर घाला घालते, मग जिवावर उठते. मेलेल्यांत बहुतेक हातावर पोट असणारे होते.

आज मोठ्या शहरांत पुस्तकांच्या कपाटामागे दार दडवलेले महागडे बार निघाले आहेत. तिथे चोरीही नाही आणि भीतीही नाही, आहे ती फक्त नक्कल. तरीही लोक पैसे मोजून तिथे जातात. ओळखीच्या बैठकीची भूक किती खरी आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको.

ही भूक आपल्या गावांतही आहे. फरक इतकाच, की ती बहुधा पुरुषांचीच धरली जाते. बैठक पुरुषांची आणि वाट पाहणे घरातल्या बाईचे. म्हणूनच दुकान बंद करण्यासाठी मतदान होते, तेव्हा महिला रांगा लावून 'आडवी बाटली' निवडतात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला तर दुकानाला कुलूप लागते. पण ते लागल्यावर संध्याकाळी माणसांनी बसायचे कुठे, याचे उत्तर मतपत्रिकेवर नसते. रात्री उशिरापर्यंत उघडे राहणारे वाचनालय, पारावरचे भजन, तालीम, बायकांनाही निःसंकोच बसता येईल असे चहाचे हॉटेल, ही दारे उघडी असतील, तर चोरदाराची ओढ आपोआप कमी होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)