आवाजाची मशागत

– ऊस विकास अधिकारी



बेणेप्रक्रिया, लागण, खते आणि पाणी हे आमचे नेहमीचे विषय. ते सोडून या अंकात स्पीकर आणि अँप्लिफायरवर लिहीत आहे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पाचोड परिसरात शिवारफेरीला गेले, की ऊस पाहून झाल्यावर सभासदांची तरुण मुले हटकून आणखी एक गोष्ट दाखवतात. पडवीत नाहीतर ट्रॅक्टरच्या शेडमध्ये स्वतः जोडलेला अँप्लिफायर आणि गावच्या सुताराकडून करून घेतलेले बॉक्स! मलाही हा नाद विद्यार्थिदशेपासून आहे, त्यामुळे बोलणे लांबते. "साहेब, आवाज लई मोठा आहे, पण गाण्याची मजा येत नाही," ही बहुतेकांची तक्रार असते. मग आणखी मोठा अँप्लिफायर आणला जातो. पैसा जातो, मजा येत नाही, आणि काही वर्षांनी कान जातात. हे टळावे म्हणून चार गोष्टी सांगत आहे.

छंद जुना आहे

आजच्या स्पीकरची मूळ घडण १९२५ साली अमेरिकेतील राइस आणि केलॉग या दोघा इंजिनिअरांनी मांडली. लोहचुंबक, त्यात हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. शंभर वर्षे झाली तरी तत्त्व तेच आहे. १९४७ साली इंग्लंडमधील 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात विल्यमसन यांनी अँप्लिफायरचा आराखडा छापला आणि तो पाहून जगभरच्या हौशी लोकांनी घरी बसून अँप्लिफायर जोडले.

आपल्याकडे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि घरात गाणी ऐकण्याची गोडी वाढली. १९७० आणि १९८०च्या दशकांत परदेशी यंत्रांवर भारी कर आणि निर्बंध होते. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक अशा देशी कंपन्या पुढे आल्या. पण ज्याच्या खिशाला तेही परवडत नव्हते, तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच यंत्र जोडत असे. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' मासिकातील आराखडे अशा मंडळींना उपयोगी पडत.

आज काम सोपे झाले आहे. साध्या मोबाइलमधून स्वच्छ आवाज मिळतो आणि तयार अँप्लिफायर बोर्ड स्वस्तात येतो. त्यामुळे आवाज बिघडतो तो बहुधा दोन ठिकाणी, बॉक्समध्ये आणि खोलीत. आणि नेमके तिकडेच कोणी पाहत नाही. सगळे पाहतात वॅटकडे.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून?

बाजारात 'एक हजार वॅट', 'पाच हजार वॅट' अशी लेबले सर्रास दिसतात. ती खरी का खोटी, हे ओळखायला मोठे शिक्षण लागत नाही. यंत्राचा फ्यूज पाहा. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला ५ अँपिअरचा फ्यूज असेल, तर १२ गुणिले ५, म्हणजे ६० वॅट. एवढीच वीज सतत आत जाऊ शकते. त्यातलीही बरीच उष्णता होऊन वाया जाते. आत साठ जात असताना बाहेर हजार कोठून येणार? आपल्या बाजारात वर्षानुवर्षे चाललेली 'एलए ४४४०' ही चिप घ्या. तिच्या कंपनीनेच दिलेला आकडा दोन बाजूंना प्रत्येकी ६ वॅट आणि दोन्ही बाजू एकत्र जोडल्या तर १९ वॅट असा आहे. तिच्यावर बांधलेल्या यंत्राच्या झाकणावर काय छापावे, हे मात्र छापणाऱ्याच्या मनावर असते.

दुसरी गोष्ट. वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. उलट स्पीकर निवडताना त्याची 'सेन्सिटिव्हिटी', म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तो किती डेसिबल देतो, हा आकडा पाहावा. ८७ ऐवजी ९३ डेसिबलचा स्पीकर घेतला, तर अँप्लिफायर चौपट केल्याइतका लाभ होतो. दहा बाय बाराच्या खोलीत निवांत गाणे ऐकायला सरासरी एक वॅटदेखील लागत नाही. उसाला पाणी जास्त दिले म्हणजे साखर जास्त उतरत नाही, हे आपण जाणतो. तेच इथे लागू आहे.

बॉक्स म्हणजे स्पीकरची जमीन

नुसता स्पीकर टेबलावर ठेवून वाजवा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. त्या कडेवरून वळून एकमेकींना खाऊन टाकतात. पुढचा आणि मागचा आवाज वेगळा करण्यासाठी बॉक्स हवा.

त्याला पाऊण इंची प्लाय वापरावा. सांधे सरसाने आणि स्क्रूने पक्के करावेत, कोठेही फट राहू देऊ नये. पातळ फळी स्वतःच थरथरते आणि गाण्यात आपला सूर मिसळते. आत पिंजलेला कापूस मोकळा भरावा किंवा जुन्या गोधडीचे तुकडे आतल्या बाजूंना लावावेत. मराठवाड्यात कापसाला तोटा नाही! अँप्लिफायर मात्र त्याच बॉक्समध्ये ठेवू नये. तापलेल्या भागाजवळ कापूस धोक्याचा.

ज्याला प्रयोगाची हौस आहे, त्याने बॉक्सला पाइप बसवून पाहावा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की घुमते, तेच हे तत्त्व. ही युक्ती १९३०च्या सुमारास अमेरिकेतील थुरास यांनी शोधली. आतून एक फूट रुंद, एक फूट खोल आणि दीड फूट उंच असा बॉक्स घेतला तर त्यात सुमारे ४२ लिटर हवा मावते. त्याला आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप १५ सेंटिमीटर लांबीचा बसवला, तर तो सुमारे ४० हर्ट्झवर, म्हणजे चांगल्या खोल खर्जावर घुमतो. पाइप कापून ५ सेंटिमीटर केला की घुमण्याची जागा ५५ हर्ट्झच्या आसपास चढते. शेतात उरलेल्या पाइपच्या तुकड्यांवर हा प्रयोग होतो. कोणत्या स्पीकरला किती मोठा बॉक्स आणि केवढा पाइप, याचे पद्धतशीर गणित ऑस्ट्रेलियातील थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि पुढे स्मॉल यांनी ते वाढवले. चांगल्या स्पीकरसोबत त्यांच्या नावाचे आकडे येतात. ते मागून घ्यावेत आणि त्याप्रमाणेच सुताराला माप द्यावे. डोळ्याला बरा दिसला म्हणून बॉक्स केला, तर तो कानाला बरा लागेलच असे नाही.

खोली

सिमेंटच्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. टण्णकन घुमली, तर गाण्यातले शब्दही तसेच एकमेकांत मिसळणार. आपली जुनी मातीची, धाब्याची घरे या बाबतीत बरी होती. नव्या खोलीत समोरच्या भिंतीवर गोधडी टांगा, खाली सतरंजी टाका आणि पुन्हा टाळी वाजवून पाहा. बॉक्स अगदी कोपऱ्यात ठेवला तर खर्ज फुगतो. हातभर पुढे ओढला की साफ होतो. दोन बॉक्स आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला, की गाणारा बरोबर मधोमध उभा असल्याचा भास होतो. या सुधारणेला फारसा खर्च नाही.

एका वेळी एकच बदल

को ८६०३२ आणि फुले २६५ यांची तुलना करायची आणि एकाला ठिबक, दुसऱ्याला पाटपाणी द्यायचे, असा प्रात्यक्षिक प्लॉट कोणी घेईल काय? निष्कर्ष जातीचा निघाला की पाण्याचा, हे कळणार नाही. आवाजाच्या प्रयोगात मात्र मंडळी बॉक्स, वायर आणि अँप्लिफायर एकाच दिवशी बदलतात आणि 'फरक पडला' म्हणतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा.

आणखी एक काळजी घ्यावी. दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, तेच कानाला चांगले वाटते. म्हणून दोन्हींचा आवाज आधी सारखा करावा. मग ऐकणाऱ्याने पाठ करून बसावे, दुसऱ्याने यंत्र बदलावे आणि कोणते चालू आहे ते सांगू नये. महागड्या वायरीचे पुष्कळ कौतुक या परीक्षेत गळून पडते. त्या पैशात चांगला स्पीकर येतो.

विजेशी खेळ नको

प्लग काढल्याशिवाय यंत्र उघडू नये. प्लग काढल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, हे विसरू नये. फ्यूज उडाला तर त्या जागी तार गुंडाळू नये. धातूच्या पेटीला अर्थिंग द्यावे. सतत घूं असा आवाज येत असेल, तर गाण्याची बारीक वायर ट्रान्सफॉर्मरपासून आणि विजेच्या वायरपासून दूर न्यावी. तो आवाज घालवण्यासाठी अर्थिंग तोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. त्यात जीव जाऊ शकतो.

हंगाम आणि कान

आता सर्वांत महत्त्वाचे. घरात जुळवलेले बॉक्स गळीत हंगामात ट्रॅक्टरवर चढतात. उघड्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. त्यावर गाणे ऐकू येण्यासाठी टेप त्याहून मोठा करावा लागतो. कान सांभाळण्याचा अमेरिकेतील आरोग्य संस्थेचा हिशेब असा आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ला एक तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. शेतातून निघून काट्यावर पोहोचेपर्यंत आणि नंबर लागेपर्यंत किती वेळ जातो, हे वाहतूकदारांना सांगायला नको.

मोठ्या आवाजाने कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. उसाचा खोडवा फुटतो, कानाचा फुटत नाही! आधी बारीक, वरच्या पट्टीचे आवाज जातात. माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द नीट लागत नाहीत. कामावरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर ती पहिली सूचना समजावी.

दुसरा धोका रस्त्यावरचा. धुळे-सोलापूर महामार्गावर भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चाललेल्या चालकाला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला नाही, ट्रॉलीची पिन खडखडल्याचे कळले नाही, तर काय होते ते आपण दर हंगामात वाचतो. गावातही भान हवे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे.

तेव्हा वाहतूकदार सभासदांनी हंगामापूर्वी ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावताना ट्रॅक्टरवरचे बॉक्स उतरवून घरी न्यावेत. ते फेकून देऊ नयेत. पाऊण इंची प्लाय, थोडा कापूस, पाइपचा एक तुकडा आणि भिंतीला गोधडी एवढ्या सामानावर तोच स्पीकर घरात कितीतरी गोड वाजेल. मुलांनी मापे आणि निरीक्षणे वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या शिवारफेरीत ऊस पाहून झाल्यावर ती वही अवश्य दाखवावी. अडले तेथे जरूर विचारा; या विषयावर बोलायला मला कंटाळा येत नाही.