समजून घ्या : आडवी अक्कलदाढ, जबड्याचे फ्रॅक्चर, न भरणारा व्रण... ‘मॅक्सिलोफेशियल सर्जन’ कसा शोधायचा?

अक्कलदाढ दुखते म्हणून रुग्ण घराजवळच्या डेंटल क्लिनिकमध्ये जातो. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे, काढला जातो. तो पाहून डॉक्टर म्हणतात, ‘‘दाढ आडवी आहे. सर्जनला बोलवावे लागेल, गुरुवारी या.’’ गुरुवारी आधी कधीही न पाहिलेले डॉक्टर येतात, दाढ काढतात आणि पुढच्या क्लिनिककडे निघून जातात. बहुतेक वेळा सगळे सुरळीत पार पडते. पण रात्री रक्त थांबत नाही किंवा आठवडा उलटूनही खालचा ओठ बधिर राहतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते, की शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नावही आपण विचारलेले नाही.

हे सर्जन नेमके कोण?

मुख आणि जबडा शल्यचिकित्सक असे त्यांचे मराठी नाव. बोलताना मात्र सगळे ‘मॅक्सिलोफेशियल सर्जन’च म्हणतात. भारतात त्यासाठी इंटर्नशिपसह पाच वर्षांचे बीडीएस आणि त्यानंतर याच विषयात तीन वर्षांचे एमडीएस करावे लागते. हाडात अडकलेल्या दाढा, जबड्याचे आणि गालाच्या हाडाचे फ्रॅक्चर, जबड्यातल्या गाठी, जबड्याच्या सांध्याचे आजार, पुढे आलेला किंवा मागे राहिलेला जबडा सरळ करणे, हे सगळे त्यांच्या कामात येते. ब्रिटनमध्ये या शाखेसाठी वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय अशा दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे पाया दंतवैद्यकाचा असतो. त्यामुळे ‘दातांचे डॉक्टर चेहऱ्याचे ऑपरेशन कसे करणार?’ ही शंका नातेवाइकांकडून हमखास येते. तीन वर्षांचे प्रशिक्षण नेमके त्यासाठीच असते.

पाटीवर ‘एमडीएस’ आहे, मग पुरे का?

नाही. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. तारा लावून दात सरळ करणारे ऑर्थोडॉन्टिस्ट एमडीएस असतात, रूट कॅनलचे तज्ज्ञ एमडीएस असतात आणि लहान मुलांचे दंतवैद्यही. म्हणून पदवीपुढे ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’ लिहिले आहे का, ते पाहावे. सर्वाधिक गोंधळ ‘ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी’शी होतो. तोंडातले आजार ओळखणे आणि औषधोपचार करणे हे त्या शाखेचे काम. शस्त्रक्रिया हे नव्हे. ‘इम्प्लांटॉलॉजिस्ट’ ही तर एमडीएसची स्वतंत्र शाखाच नाही. त्यासाठी छोटे अभ्यासक्रम असतात. ते करण्यात गैर काही नाही, पण त्या प्रमाणपत्रावरून कोणी जबड्याचा सर्जन ठरत नाही.

राज्यात दातांची प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येकाची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच वाटायचे कारण नाही. गुगलवरच्या ताऱ्यांपेक्षा तो क्रमांक जास्त बोलतो.

बाहेरून येणारे सर्जन चालतील का?

जरूर चालतील. तालुक्याच्या गावी तर हीच पद्धत सोयीची आहे. नाहीतर एका दाढेसाठी जिल्ह्याला खेटे घालावे लागतील. प्रश्न फक्त आधी विचारायला हवेत. शस्त्रक्रिया कोण करणार आणि त्यांची शाखा कोणती? रात्री त्रास झाला तर फोन कोणाला करायचा? टाके कोण काढणार? खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. ओपीजीत मूळ त्या नसेला चिकटलेले दिसत असेल, तर सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन लागेल का, हेही विचारावे. ओठ बधिर होणे बहुधा तात्पुरते असते, क्वचित कायमचेही राहते. हा धोका सही घेण्यापूर्वी समजावून सांगणारा डॉक्टर रुग्णाला घाबरवत नसतो.

अपॉइंटमेंटची वाट कधी बघू नये?

दाढेच्या दुखण्यानंतर जबड्याखाली, गळ्याकडे सूज उतरली, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा श्वास अडू लागला, तर क्लिनिक नव्हे, थेट मोठे रुग्णालय गाठायचे. दातातला संसर्ग गळ्याच्या पोकळ्यांत पसरून श्वासमार्ग बंद करू शकतो. गालाला शेक देत सकाळची वाट पाहणे इथे जिवावर बेतते.

दुचाकीच्या अपघातात डोक्याचा सीटी स्कॅन होतो, तो ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पण दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नसतील, तोंड उघडताना जबडा एका बाजूला सरकत असेल किंवा ओठ, गाल बधिर असेल, तर चेहऱ्याच्या हाडाच्या फ्रॅक्चरची शंका घ्यायला हवी. अशा वेळी मॅक्सिलोफेशियल सर्जनला दाखवण्याची मागणी नातेवाइकांनीच करावी. पक्का दात मुळासकट बाहेर पडला असेल, तर तो मुळाला हात न लावता उचलून दुधात ठेवावा आणि शक्यतो अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचावे. तो पुन्हा बसवता येऊ शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

गुटखा सोडला, पण तोंड उघडत नाही...

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे. टपरीवर ती किती दिसते, हे सांगायला नको. सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा हळूहळू कडक होते, तिखट झोंबू लागते आणि तोंड उघडणे कमी होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील, तर दाखवून घ्यावे. तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर मलम बदलत बसू नये. आधी ओरल मेडिसिन तज्ज्ञाकडे गेले काय किंवा सर्जनकडे गेले काय, तपासणी होणे महत्त्वाचे. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हा समज चुकीचा आहे. बायोप्सीला घाबरून लांबवलेले महिने मात्र खरोखर महागात पडतात.

खासगीत परवडत नसेल तर?

मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये, या ठिकाणी या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. गोव्यात बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय आहे. गर्दी असते, एका दिवसात काम होईलच असे नाही. सकाळी लवकर जाणे बरे. मोठी शस्त्रक्रिया असेल तर ती महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारावे. खासगी विम्यात दातांचे उपचार अनेकदा वगळलेले असतात, अपघाताचे नियम वेगळे असू शकतात. पॉलिसी आधी वाचलेली बरी.

जाताना जुना ओपीजी आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडसारखे इंजेक्शन घेतले असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आधी सांगावे, मग ते वर्षभरापूर्वीचे का असेना. अशा औषधांनंतर दात काढला तर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो आणि घरातल्या आजीला वर्षातून एकदा दिले जाणारे इंजेक्शन दाढ काढताना कुणाला आठवतही नाही.