शंका फोटोवर घ्यावी

अंबाबाईच्या शिखरामागे परातीएवढा पौर्णिमेचा चंद्र दाखवणारा फोटो हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळासमोर आला की एक शेरा ठरलेला: ‘चंद्र चिकटवलाय.’ या शेऱ्यामागे बहुधा हिशेब नसतो. चंद्रबिंब आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतं. पन्नास मीटरवरून पाहिलं तर शिखराशेजारी ते जेमतेम अर्धा मीटर रुंद भासेल, कळसाआड सहज दडेल. तेच दृश्य एक किलोमीटरवरच्या गच्चीतून टेलिफोटो लेन्सनं टिपलं, तर शिखराला लागून नऊ मीटर रुंदीचा चंद्र उभा राहतो आणि फोटो अस्सल असतो. म्हणून आधी ‘कुठून काढला?’ एवढंच विचारावं. पन्नास मीटर असं उत्तर आलं तर शंका पक्की होते, किलोमीटर आलं तर मिटते. पाणउतारा कुणाचाच होत नाही. ज्याचं उत्तर तपासता येतं तो प्रश्न विचारणं, हेच मला इथलं खरं सौजन्य वाटतं.

२ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात आणि उत्तर महाराष्ट्रात जळत्या तुकड्यांची रांग आकाशातून सरकताना लोकांनी पाहिली. मोबाइलवरच्या चित्रफिती खऱ्या होत्या. ‘उल्का’ हे त्यांना दिलेलं नाव चुकलं होतं. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगानं वातावरणात शिरते आणि सहसा काही क्षणांत विझते. इथं तुकडे संथपणे, जवळजवळ आडवे जात होते. कक्षेतून खाली येणारा अवकाश-कचरा असाच दिसतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं मोठं कडंही सापडलं. न्यूझीलंडहून त्याच दिवशी सुटलेल्या रॉकेटचे हे अवशेष असावेत, असा अंदाज आधी पुढे आला. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानं मात्र फेब्रुवारी २०२१ मधल्या चिनी रॉकेटच्या टप्प्याकडे बोट दाखवलं. म्हणजे शंका घेणाऱ्यांचे अंदाजही तपासावे लागलेच. या सगळ्यात चित्रफीत काढणाऱ्याला खोटारडा म्हणायची गरज कुठं पडली?

इतकं सबुरीनं घेतलं तर बनावट फोटो पचून जातील, हा आक्षेप रास्त आहे. पण बनावटगिरी आरोपानं उघडी पडत नाही. मूळ फाइल, वेळ आणि एक्स्पोजर मागितलं की पडते. पन्हाळ्यावरून काढलेल्या मृग नक्षत्राच्या फोटोत नकाशात नसलेला लाल ठिपका दिसला, असं समजा. स्थिर कॅमेऱ्यात तीस सेकंदांत ताऱ्यांच्या आखूड रेघा उमटतात. ठिपका तेवढा गोल राहिला असेल तर तो सेन्सरवरचा तापलेला पिक्सेल असण्याची शक्यता मोठी. उपग्रहाची क्षणिक चमकही तसाच ठिपका उमटवते, म्हणून लगेच पुढचा फोटो मागावा: त्यातही ठिपका चौकटीत नेमका त्याच जागी असेल, तर दोष कॅमेऱ्याचा. अशा प्रश्नांनी नवखे बुजतील, असंही म्हणतात. प्रश्न फक्त नवख्यांनाच विचारले तर बुजतीलच. मंडळातल्या सर्वांत जाणत्या सदस्यानं फोटो दाखवला तरी पुढचा फोटो मागितलाच पाहिजे, आणि त्यानं तो न कुरकुरता दिला पाहिजे.