पाणी, पातं आणि हलका हात

वडिलांनी मला दाढी शिकवली नाही. १९८१ साली, अकरावीत असताना, त्यांचा तीन तुकड्यांचा पितळी रेझर मी गुपचूप उचलला आणि हनुवटीखाली एक लांब रेघ ओढून घेतली. संध्याकाळी त्यांनी जखमेवरचा कागदाचा कपटा पाहिला आणि एवढंच म्हणाले, "दाबू नकोस. त्याचं वजन त्याला पुरतं." हे वाक्य हातात उतरायला मला तीस वर्षं लागली.

घर साताऱ्यात, चिमणपुऱ्यात. आजोबांची दाढी करायला न्हावी घरी येत असत. शनिवार, अमावस्या, एकादशी टाळून. अंगणात दोघं समोरासमोर उकिडवे बसत, धोकटी उघडे, आणि मग बराच वेळ नुसतं पाणी. वाटीतलं पाणी बोटांनी गालावर चोळत राहायचं, चोळता चोळता गावभरच्या बातम्या सांगायच्या. आम्हा पोरांना तो वेळकाढूपणा वाटे. केस पाणी पिऊन मऊ पडतो आणि मऊ केसाला पात्याचा जोर फार कमी लागतो, हे त्या बोटांना ठाऊक होतं. वस्तरा चालायचा दोन मिनिटं, त्याची तयारी दहा.

साताऱ्यात दाढी म्हटलं की मला दुसरंही एक घर आठवतं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. गावात न्हाव्यांची वाण नव्हती, पैसे द्यायचीही तयारी होती. पण अस्पृश्याच्या डोक्याला वस्तरा लावायला कुणी तयार नव्हतं. हे बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय. घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापायची, आणि तिचा हात चांगला बसला होता. म्हणजे आजोबांच्या अंगणातला तो निवांत सोहळा सगळ्यांच्या वाट्याचा नव्हता. हे मला फार उशिरा उमगलं.

भीमराव साताऱ्यात शिकत होते त्याच काळात, १९०१ मध्ये, तिकडे बॉस्टनला किंग कॅम्प जिलेट नावाच्या गृहस्थांनी कंपनी काढली. १९०३ साली त्यांचे विकले गेले ते अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या सामानात तो रेझर गेला आणि जगभर पसरला. आता कुणाची वाट पाहायला नको, वार बघायला नको, कुणी नाही म्हणायचा प्रश्न नाही. मोठीच सुटका. फक्त डबीत पाती आली, ती चोळणारी बोटं आली नाहीत.

आमच्या घरी पाती टोपाझची. पातं बोथट झालं की वडील ते काचेच्या ग्लासात आतून घासून आणखी एक दाढी काढत. मग ते आईकडे शिवण उसवायला जाई, तिथून आमच्या कंपासपेटीत.

१९८७ मध्ये नोकरीनिमित्त सांगलीला आलो, विश्रामबागेत खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात माझी दाढी बिघडली. नेहमीचाच रेझर, नेहमीचाच साबण. ब्रश कितीही फिरवा, वाटीत फेसाऐवजी पांढरट साका. गाल लाल, मानेवर पुरळ. मी पात्याला दोष दिला, मग साबणाला, मग हवेला. दोष बोअरच्या पाण्याचा होता. साताऱ्याला पाणी येतं ते कासच्या तलावातून, तिथं पठारावरचा पाऊस साठतो; जांभ्या दगडावरून आलेल्या त्या पाण्यात चुना कमी. सांगलीच्या काळ्या मातीखालचं पाणी क्षारांनी जड. साबण आधी त्या क्षारांशी भांडतो आणि उरला तर फेस होतो. पातळ फेसावर पातं अडखळतं, अडखळलं की माणूस दाबतो, दाबलं की कापतं. एवढं साधं गणित, पण मी रोज आरशासमोर चिडत होतो.

शेवटी रेझर टाकून सलूनला जाऊ लागलो. ते दिवस एड्सच्या भीतीचे, आणि सांगलीत ती जरा जास्तच होती. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेचं एड्सविषयीचं काम १९९२ च्या सुमारास इथं सुरू झालं. बघता बघता सलूनमधला जुना वस्तरा गेला आणि अर्धं ब्लेड अडकवायचा दांडा आला. गिऱ्हाईक खुर्चीत बसताच म्हणे, "नवं टाका हं," आणि कारागीर ब्लेडचा कागद डोळ्यांसमोर फाडून दाखवी. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजण्याची ती टप टप पुन्हा ऐकली नाही.

मग घरी आले दोन पात्यांचे, तीन पात्यांचे, मान डोलावणारे रेझर. कोन तेच सांभाळतात, त्यामुळे हाताला काही शिकावंच लागत नाही. माझ्या मानेवरचे केस मात्र कातडीखालीच कापले जाऊन आतल्या आत वळायचे आणि फोड यायचे.

२०११ मध्ये वडील गेले. त्यांच्या डब्यात तो पितळी रेझर सापडला. चिंचेनं घासला, आणि या वेळी नीट शिकायचं ठरवलं. दाढी आंघोळीनंतर. फेसासाठी पिण्याचं फिल्टरचं पाणी, तांब्याभर. ही उधळपट्टी मी बायकोपासून बरेच दिवस लपवली. ब्रश भिजवून झटकायचा, साबण जास्त, पाणी थेंबाथेंबानं, फेस दह्यासारखा होईतो. गालावर बोटं फिरवून केस कुठे कसे वळलेत ते पाहिलं, तर माझ्या मानेच्या डाव्या बाजूचे चक्क आडवे निघाले. इतकी वर्षं मी तिथं उलटा नांगर धरत होतो. पातं कातडीशी साधारण तीस अंशांत, कातडी ताणलेली, हात छोटे. आधी केसांच्या दिशेनं, पुन्हा फेस, मग आडवं. उलटी दाढी फक्त लग्नकार्याला. शेवटी गार पाणी आणि तुरटी. कुठे जास्त चुरचुरली, तिथं आज दाबलं होतं. पातं चार-पाच दाढ्यांनी बदलायचं, ग्लास नको.

कानात वडिलांचं वाक्य होतंच, तरी पहिले दोन महिने दाबतच राहिलो. मग दांडा मुठीत न धरता टोकाशी तीन बोटांत धरला आणि जोर लावायला जागाच उरली नाही.

साताऱ्याला थोरल्या भावाकडे गेलो की अजूनही पिशवीतून आधी रेझर काढतो आणि नळाखाली वाटी धरतो. फेस वाटीच्या काठावर चढतो. वहिनी स्वयंपाकघरातूनच विचारतात, "भावजी, आम्हाला भेटायला आलात की दाढी करायला?"